मानेमागून आलेलं ‘ब्याड’

ही गोष्ट खोटी आहे असं मला कुणी पटवून दिलं, तर मी त्याच्या पाया पडेन.

पण ती खोटी नाही.

जिच्यावर हे बेतलं ती माझी सख्खी मावसबहीण. शिवरंजनी. आम्ही तिला रंजूअक्का म्हणतो. बरंचसं मी तिच्याच तोंडून ऐकलं, तुकड्या-तुकड्यांनी. थोडं तिच्या शेजारच्या कमलबाईंकडून. आणि शेवटचं... शेवटचं मी मोबाईलवर स्वतः पाहिलंय.

स्वतः ऐकलंय.

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणतात. हिच्यात रात्र नाही. जे झालं ते श्रावणातल्या सोमवारी, लख्ख उजेडात, माणसांच्या गर्दीत झालं. येडशीजवळच्या रामलिंगाला.

सुरुवात मात्र बरीच आधी झाली होती. कळंबला.

अक्काचं माहेर मुरुम. कर्नाटकाची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. घरात कन्नड, दाराबाहेर मराठी, असं आमचं सगळ्यांचंच लहानपण गेलं. लग्न होऊन ती कळंबला आली आणि कन्नड तोंडातून गेलं. नवरा शंभुलिंग, बी-बियाण्याचं दुकान, स्वभावानं साधा. त्याला कन्नडचं अक्षर कळत नाही. सासू रुद्रम्मा मूळची कर्नाटकातल्या आळंदकडची, तिला कळायचं. पण सुनेशी ती मराठीतसुद्धा धड बोलत नव्हती, तर कन्नड कुठलं बोलणार?

गावाबाहेरच्या प्लॉटवर त्यांनी नवं घर बांधलं. अक्काची मुलगी भैरवी तेव्हा रांगत होती. एका दुपारी सासू झोपलेली, पोरगी झोपलेली. अक्का दळणाला ज्वारी काढायला कोठीच्या खोलीत गेली. पोत्याचं तोंड सोडलं. हात आत घालणार...

‘ब्याड.’

कन्नडमध्ये ब्याड म्हणजे नको.

अक्काचा हात जागीच थांबला. आवाज कानात आला नव्हता. डोक्याच्या आत, पण जरा मागं, मानेच्या वरच्या बाजूला उमटला होता. तिला नवल नाही वाटलं. तिला वाटलं, आपलंच मन. लहानपणी ज्या भाषेत रडलो, त्याच भाषेत बोलणार की ते!

तिनं पोतं काठीनं आडवं केलं.

दाण्यांबरोबर घोणस बाहेर पडली.

मुरुमला फोन गेला. लक्ष्मम्मा मावशी, म्हणजे अक्काची आई, फोनवरच हात जोडून म्हणाली, "आतला आवाज आहे बाई तो. देवाची देणगी. त्याचं ऐकत जा."

अक्का ऐकायला लागली.

दुसरी खेप माझ्या साखरपुड्याची. ती धाराशिवला यायला निघाली होती. कळंबच्या चौकात काळीपिवळी जीप भरत आलेली. अक्का पोरीला मांडीवर घेऊन मधल्या सीटवर बसली. गाडी सुरू झाली आणि...

‘ब्याड.’

"थांबवा हो, मला उतरायचंय."

ड्रायव्हर करवादला. अक्का उतरली. खाली एक तरुण बाई उभीच होती, कोपरापर्यंत नव्या बांगड्या, नुकतं लग्न झालेलं असावं. ती हसून म्हणाली, "बरं झालं बाई, मला जागा झाली." आणि चढली.

येरमाळ्याच्या अलीकडं जीप उलटली. एकच माणूस गेलं.

मधल्या सीटवरचं.

संध्याकाळी अक्काचा मला फोन आला. मला वाटलं रडत असेल. ती रडत नव्हती. म्हणाली, "माझं मन कधी चुकत न्हाय बघ." तिच्या आवाजात मला पहिल्यांदाच एक ताठा ऐकू आला. ती बांगड्यांवाली बाई तिच्या बोलण्यात आली, पण वाटेतला दगड यावा तशी आली.

मी विचारलं, "तू त्या बाईला काही बोलली नाहीस?"

"मला तिच्याबद्दल काही सांगितलंच न्हाय."

कुणी सांगितलं नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज वाटतं, तिथंच विचारायला हवं होतं.

हळूहळू गल्लीत बोलबाला झाला. कमलबाई आधी आल्या, पोराला स्थळ आलंय, करावं का म्हणून. अक्का डोळे मिटून बसली. म्हणाली, "नको." पुढं त्या मुलीचं काय ते उघडकीला आलं आणि कमलबाईंनी अक्काची ओटी भरली. मग बाया यायलाच लागल्या. कुणाचं ऑपरेशन, कुणाची बदली, कुणाची म्हैस. अक्का ‘नको’ म्हणाली की नको. काही बोलली नाही की करा.

एकदाही चुकलं नाही.

एकदाही.

पण तिचं स्वतःचं काय होत होतं ते कुणी बघत नव्हतं. मी एकदा राहायला गेले होते तेव्हा पाहिलं. भाजीवाला आला. अक्कानं वांग्याला हात लावला, हात मागं घेतला. गवारीला लावला, मागं घेतला. दोडक्याला लावला, हात मागं आला नाही, तेव्हा घेतला. साडी काढताना तसंच. पोरीच्या डब्यात काय द्यायचं, तेही तसंच. विचार करणं तिनं सोडूनच दिलं होतं. आधी हात थांबायचा, आपण थांबलोय हे तिला मागून कळायचं.

रुद्रम्माला हे डोळ्यांसमोर नको व्हायचं. गल्लीतल्या बाया सुनेच्या पाया पडतात, हे कुठल्या सासूला सोसेल? एक दिवस ती चार बायांसमोर फटकन बोलली.

"मन बोलतं म्हणं! माजं मन म्हणतं, मला जायाचं न्हाय. ‘मी’ म्हणतं ते. हिचं हिला म्हणतं, ‘तू’ जाऊ नको. आगं, ‘तू’ म्हणणारं मन कुणाचं आसतं? ‘तू’ म्हणणारं दुसरंच कुणीतरी आसतं!"

बाया हसल्या. अक्काही हसली. म्हातारी जळते, दुसरं काय?

बोलणं खरं होतं. पण ते वाईट तोंडातून आलं, म्हणून कुणी घेतलं नाही.

भैरवी पहिलीत गेली ते साल. आषाढ चालू होता. दुपारची शाळा सुटून पोरगी आली, दप्तर टाकलं, अक्काच्या मांडीवर आडवी झाली. अक्का तिच्या वेण्या सोडत होती.

"आई, ब्याड म्हंजी काय? इंग्लिशमधलं ब्याड का?"

अक्काचे हात थांबले.

त्या घरात तो शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. अक्कानंसुद्धा नाही. तो तिच्या डोक्यात होता. फक्त डोक्यात.

"कुठं ऐकलास गं?"

"ती म्हणते की."

"कोण ती?"

"तीच. तू भाजी घेतीस तवा म्हणते. काल तू माझ्या डब्यात लाडू ठेवत होतीस, तवा बी म्हणली." पोरीनं उताणं होऊन आईकडं पाहिलं. आईच्या तोंडाकडं नाही... खांद्याच्या जरा वर. "तुझ्या मानंला तोंड लावून बोलती."

अक्का मला म्हणाली होती, त्या क्षणी तिच्या पोटात गोळा आला. पाय गार पडले. त्याला शब्द नव्हते. कन्नड नाही, मराठी नाही. नुसतं पोट आवळलं, आणि पोरीला उचलून त्या घरातून पळत सुटावं असं झालं.

ती उठली. कपाटावरची बॅग काढली. पोरीचे दोन फ्रॉक कोंबले. मुरुमची बस कितीला असते ते आठवायला लागली. बॅगेची चेन ओढणार...

‘ब्याड.’

चेन अर्धीच राहिली.

अक्का पलंगावर बसली. बसून राहिली. पुन्हा उठावं असं तिला किती वाटलं! पण हात उठेनात. इतकी वर्षं त्या शब्दाला थांबायची सवय लागलेली. संध्याकाळी शंभुलिंग घरी आला, तेव्हा फ्रॉक परत कपाटात होते.

त्यानंतर आवाज बंद झाला.

एकदम बंद.

भाजीवाला यायचा आणि अक्का टोपलीपुढं खुळ्यासारखी उभी राहायची. कमलबाईंनी काही विचारलं, तर आत नुसती शांतता. आपण जिन्यात आहोत आणि कुणीतरी दिवा घालवलाय, तसं वाटायचं म्हणाली. भैरवीला तिनं हळूच विचारलं, "ती बोलती का गं आता?"

पोरीनं मान हलवली. "बोलत न्हाय." मग म्हणाली, "नुसती हाय."

श्रावण लागला. शंभुलिंगनं ठरवलं, सोमवारी सगळ्यांनी रामलिंगाला जायचं. रुद्रम्मा, कमलबाई, ही तिघं. गाडी सांगितली. सकाळी अक्का आंघोळ करून आली आणि पुन्हा पोटात तसाच गोळा आला. तीच कळ. हातापायात तोच गारठा.

"अहो, मला कसंतरीच होतंय. आज नको जायला."

शंभुलिंग बुटाची लेस बांधत होता. त्याचाही आता अक्काच्या मनावर पुरता भरवसा बसलेला. त्यानं वर बघितलं.

"तुझं मन काय म्हणतं?"

अक्का थांबली. आत कान दिला. काहीच नाही.

"काही म्हणत न्हाय."

"मग झालं तर. चल."

आणि ती निघाली. पोट ओरडत होतं, पण पोटाला शब्द नव्हते. शब्द ज्याला होते, ते गप्प होतं.

रामलिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. रस्ता वर, देऊळ खाली दरीत. पायऱ्या उतरत जायचं. भोवती जंगल, खडक, आणि देवळाला वळसा घालून जाणारं पाणी. त्या दिवशी पाणी घोट्याएवढं होतं. पोरंसोरं त्यात खेळत होती. माकडं नारळासाठी माणसांच्या अंगावर येत होती. दर्शन झालं. रुद्रम्मा आणि कमलबाई पायऱ्यांवर टेकल्या. शंभुलिंग प्रसाद आणायला गेला.

"आई, पाण्यात पाय घालू?"

अक्कानं सवयीनं आत विचारलं. शांतता.

"चल."

दोघी खडकावरून पाण्यात उतरल्या. अक्कानं एका हातानं पोरीचा हात धरलेला. गार पाणी पायाला लागलं तशी भैरवी खिदळली. अक्कालाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

मग तिच्या लक्षात आलं...

माकडं ओरडत नाहीत.

तिनं वर बघितलं. काठावर एकही माकड नव्हतं. सगळी उंच फांद्यांवर जाऊन बसलेली. गप्प. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, वरच्या अंगाला.

पाण्यावरून पालापाचोळा आला. मग काटक्या. पाण्याचा रंग बदलला.

वर कुठंतरी माळावर पाऊस कोसळला असणार. आधी नुसती घरघर आली, आणि मग पाणीच आलं. गढूळ, कमरेएवढं. लोक किंचाळत काठाकडं धावले. भैरवीचे पाय उचलले गेले.

अक्कानं पोरीचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं काठावरच्या झाडाचं मूळ.

आणि तिनं धरून ठेवलं, हे नीट ऐका. तिचा खांदा निखळायला आला, नखं उलटली, पण तिनं धरून ठेवलं. काठावरून पोरं ओरडत होती, "मावशी, सोडू नका! आलो आमी! सोडू नका!" एकानं कमरेचं उपरणं सोडून दुसऱ्याच्या हाताला बांधलं होतं. ते खडकावर पालथे पडून सरकत होते. हात-दोन हात राहिले होते.

भैरवी रडत नव्हती. ती आईकडं बघत होती.

मग तिची नजर सरकली. आईच्या खांद्यावरून, जरा वर.

आणि पोरगी किंचाळली. पाण्याला घाबरून नाही.

"आई, ती..."

‘कै बिडु.’

हात सोड.

इतक्या दिवसांनी आवाज आला. शांत. नेहमीसारखा. पोतं सोडताना आला होता तसा, जीपमध्ये आला होता तसा. कधीही न चुकलेला.

आणि अक्काची बोटं उघडली.

तिनं ठरवलं नाही. तिला कळलंसुद्धा नाही. आधी हात सुटला. हात रिकामा आहे, हे तिला मागून कळलं.

भैरवी दिवस मावळायच्या आत सापडली. खालच्या अंगाला, करंजीच्या झुडपात. मी त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

लोक म्हणाले, पाण्याचा जोर होता, आईचा काय दोष? पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. शंभुलिंग अक्काला धरून रडला. तिथपर्यंत ते एक दुःख होतं. दोघांचं मिळून.

मग व्हिडिओ आला.

पायऱ्यांवरून कुणीतरी काढलेला. आजकाल माणूस बुडताना आधी मोबाईल निघतो. फिरत फिरत तो दिवसकार्याच्या दिवशी घरी पोचला. शंभुलिंगनं तो सगळ्यांमध्ये बसून लावला.

अक्का पाठमोरी दिसते. तोंड दिसत नाही. पाणी नुसतं घोंघावतंय, ओरडणाऱ्या पोरांचे शब्दही नीट कळत नाहीत. आणि त्या सगळ्या गोंधळात... अगदी मोबाईलला तोंड लावून बोलावं इतका जवळून, इतका स्वच्छ...

‘कै बिडु.’

बाईचा आवाज.

लगेच हात सुटतो.

"हे काय म्हणतंय?" शंभुलिंगनं विचारलं.

अक्का सोडून खोलीत कन्नड कळणाऱ्या तिघी होत्या. मी, मावशी आणि रुद्रम्मा. मी मान खाली घातली. मावशीनं तोंडात पदर कोंबला.

रुद्रम्मा म्हणाली, "हात सोड म्हणती. पोरीला म्हणती, हात सोड माजा."

"मी न्हाय बोलले," अक्का म्हणाली. "अहो, मी न्हाय बोलले ते."

"मग कोण बोललं?"

अक्का काय सांगणार? सगळी गल्ली साक्षीला होती की तिच्या आत तिचं मन बोलतं. तिनंच सांगितलं होतं सगळ्यांना. तिनंच ओट्या भरून घेतल्या होत्या.

रुद्रम्माचंच वाक्य होतं ना ते, ‘तू’ म्हणणारं दुसरंच कुणीतरी असतं? मी तिच्याकडं बघत राहिले. तिलाही आठवलं होतं. मला दिसलं, तिच्या डोळ्यांत ते आलं आणि भीतीनं तिचे ओठ पांढरे पडले. पण ती बोलली नाही. उठली, आणि सुनेची पेटी ओढत आणून उंबऱ्याबाहेर ठेवली.

त्याच दिवशी अक्का मुरुमला आली.

गेल्या संक्रांतीनंतर मी तिला भेटायला गेले. परसात उन्हात बसली होती. हाडं उरलीत. ती आता स्वतःहून काही करत नाही. जेवण समोर ठेवलं तर विचारते, "जेवू?" तहान लागली तर विचारते, "पाणी पिऊ?" माणसानं तोंडानं ‘हो’ म्हटल्याशिवाय ओठांना पेला लावत नाही.

मी धीर करून विचारलं. "अक्का... आवाज येतो का अजून?"

"न्हाय. त्या दिवसापासनं न्हाय."

"बरं झालं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मी बोलावते तिला. रोज बोलावते."

"कशाला गं?"

"शेवटी तीच होती की जवळ." अक्का हळू आवाजात म्हणाली, जणू परसात आणखी कुणी आहे. "तिला ठावं असंल पोरगी कुठं हाय ते. तेवढं एक विचारायचंय. मग ती म्हणंल ते करीन."

मी तिथं फार वेळ बसू शकले नाही.

परतीच्या बसमध्ये नळदुर्गच्या अलीकडं माझ्या पोटात गोळा आला. शब्द नव्हते. नुसतं वाटलं, उतरावं. मी नळदुर्गला उतरले. उन्हात ताटकळत उभी राहिले, मागच्या गाडीनं धाराशिवला पोचले. पोचल्यावर चौकशी केली. आधीची बस वेळेत, सुखरूप आली होती. काही म्हणजे काही झालं नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी तिथंच स्टँडवर रडले. माझं मन चुकलं होतं. ते माझंच होतं. माणसाचं होतं.

तेव्हापासून मी ते तपासत असते. आज पाहुणे येतील वाटलं, आले नाहीत, की बरं वाटतं. दूध नासेल वाटलं, नासलं नाही, की हायसं वाटतं.

नवऱ्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, मी अलीकडं जरा गप्प असते.

गेले काही दिवस ते एकदाही चुकलेलं नाही.